शेंदराशी वैर

काकूंच्या घरी बिऱ्हाड करायला गेले तेव्हा त्यांनी मला नाव विचारलं नाही, जात विचारली नाही, एकटी बाई नोकरीला कशी निघालीस असंही विचारलं नाही. अंगणाच्या तोंडाशीच मला थांबवून म्हणाल्या, "नखं दाखवा."

मी पत्र्याची ट्रंक खाली ठेवली आणि हात पुढे केले. आगगाडीनं कर्जत आणि तिथून बैलगाडीनं खालापूर असा प्रवास करून मी आले होते. नखांत धुळीखेरीज काही असण्याचं कारण नव्हतं. काकूंनी माझी बोटं उजेडाकडे धरून नीट निरखली, मग हात सोडला. "तांबडं नाही. या आत."

मुलींच्या शाळेवर माझी पहिलीच नेमणूक होती. गावात एकट्या बाईला जागा द्यायला कुणी तयार नव्हतं, काकूंनी दिली. तिथं जाण्याआधी लोकांनी मला सावध केलं होतं. बाई सोवळ्याची वेडी आहे, म्हणाले, दिवसभर धूत असते. तुमचा टिकाव लागायचा नाही. मी सोवळ्याओवळ्याच्या घरातच वाढले होते. सहन करू, असं ठरवून गेले.

पण हे सोवळं निराळंच निघालं. अंगणात दगडी डोण होती, ती कायम भरलेली. शेजारी रिठ्यांची टोपली आणि काथ्याचा बोळा. नदीकाठच्या शेंदराच्या भट्टीवरून जो कुणी येई त्यानं तिथं कोपरापर्यंत हात घासायचे, चूळ भरायची, मुंडासं बाहेरच्या खुंटीला लावायचं आणि मगच पायरी चढायची. एवढं केलं की मग जातपात काही उरत नसे. वाडीवरच्या ठाकरणी हात धुऊन थेट चुलीपाशी येऊन बसत, आणि काकू त्यांना 'अहो' म्हणत. "बसा बुधीबाई, ताक घ्या." उलट भट्टीचा मॅनेजर, मोठ्या घरचा, जरीकाठी उपरण्याचा माणूस, एकदा वर्गणीसाठी आला तेव्हा त्याला फाटकाशीच अडवलं. "अरे मॅनेजर, तिथंच उभा राहा. आणि ते उपरणं झटकू नकोस इथं!" गृहस्थ लालबुंद होऊन परत गेला. गाव आठवडाभर तेच बोलत होतं.

त्यांच्या घराच्या भिंतीतल्या कोनाड्यात मारुती होता. पिढ्यान्‌पिढ्या शेंदराचे लेप बसून त्याचा नुसता गोळा झालेला. काकूंनी एक दिवस उकळतं पाणी आणि विळ्याचं पातं घेऊन तो सगळा लेप काढून टाकला. आतून इवल्याशा नाकाचा, रेखीव डोळ्यांचा, अगदी लहान मुलासारखा दिसणारा काळ्या दगडाचा देव निघाला. देवळातले भटजी धावत आले, हा काय अनर्थ म्हणून. काकूंनी तोवर देवाला पुसून कोरडं केलं होतं. म्हणाल्या, "भटजी, अंजनीला एकच मुलगा होता. त्याला तरी विषात बुडवू नका."

तेव्हा मी हसले होते. हसण्यासारखं त्यात काही नाही हे हळूहळू कळत गेलं.

ओटीवर झोपाळा होता आणि झोपाळ्यावर काका बसलेले असत. काका म्हणजे काकूंचे यजमान. पूर्वी त्याच भट्टीवर देखरेखीला होते. तिथं शिसं वितळवून भाजत, भाजून झालेली पिवळी भुकटी पुन्हा भाजत, की तिचा शेंदूर होई. देवाला लागतो तो थोडा. बाकी सगळा पुलांना, लोखंडी नळांना, जहाजांना गंज चढू नये म्हणून लावायच्या रंगासाठी मुंबईला जाई. भट्टीसमोर उमेदीची वर्षं काढल्यावर काकांच्या पोटात कळा येऊ लागल्या आणि मग दोन्ही मनगटं लुळी पडली. हात पुढे केला तर पंजा खाली लोंबायचा. काकू त्यांना भरवत. काका फारसं बोलत नसत. मी सुरुवातीला समजले होते की त्यांना बोलताच येत नाही.

घरात मूल नव्हतं. झाली होती, पण एकही राहिलं नव्हतं. काही दिवस भरण्याआधीच गेली, काही उपजतच निष्प्राण. सासरच्यांनी काकूंना पांढऱ्या पायाची ठरवलं आणि पळसदरीकडची एक कोवळी पोर काकांना दुसरी करून दिली. काकू तिला 'धाकटी' म्हणत, आणि तो शब्द उच्चारताना त्यांचा आवाज खाली येई. धाकटीचंही तसंच झालं. पहिलं गेलं, दुसरं गेलं, आणि शेवटच्या वेळी ती स्वतःच बाळाबरोबर गेली. लोक म्हणाले, थोरलीची दृष्ट लागली. काकूंच्या केसांना मायेनं तेल लावणारी ती एकुलती एक पोर त्यांनीच खाल्ली, असं गाव म्हणालं.

कळा असह्य झाल्या तेव्हा काकूंनी काकांना मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं. तिथली हकिगत त्यांनी मला पुष्कळदा सांगितली, आणि दर वेळी तितक्याच संतापानं सांगितली. डॉक्टरनं काकांचा खालचा ओठ ओढून हिरडीवरची निळसर रेघ विद्यार्थ्यांना दाखवली. मग काकूंकडे न बघताच विचारलं, "मुलं?"

"नाहीत."

डॉक्टर विद्यार्थ्यांकडे वळून इंग्रजीत काही बोलला, सगळ्यांनी माना डोलावल्या आणि ते पुढच्या खाटेकडे निघाले. काकूंनी डॉक्टरच्या कोटाची बाही धरली.

"मुलं नाहीत म्हटल्यावर माना का डोलावल्यात?"

"बाई, बाही सोडा."

"आत्ता इंग्रजीत जे सांगितलंत ते मराठीत सांगा. मुलं माझी गेलीत, या पोरांची नव्हेत."

मग त्यानं सांगितलं. शिशाची पूड श्वासातून, हातातोंडातून अंगात जाते. बापाच्या कपड्यांवरून घरात येते. आई ते कपडे झटकते, धुते, आणि तिच्या पोटात गर्भ टिकत नाही. नवीन काही नाही, म्हणाला, वैद्यकाच्या पुस्तकांत केव्हापासून आहे.

"केव्हापासून आहे!" काकू माझ्यासमोर जमिनीवर हात आपटत. "पुस्तकात आहे, डॉक्टरला माहीत आहे, विद्यार्थ्यांना माहीत आहे. आणि जिच्या पोटातलं जातंय ती नवस करत हिंडतेय!"

घरी आल्या आणि त्यांनी ती डोण भरून ठेवली. त्यांच्या वेडाची सुरुवात ही अशी. येईल त्याला त्या शिशाचं सांगत, पण वेडीचं बोलणं कुणी मनावर घेत नसे.

शाळेला मुली मिळवायला मला दारोदार फिरावं लागे. एकदा नदीपलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या ठाकरांच्या वाडीवर गेले. मोठी मुलं होती, गुरांमागे हिंडणारी. पण रांगणारं, बोबडं बोलणारं एकही दिसेना. एवढ्या झोपड्यांत एकही झोळी टांगलेली नव्हती. मी एका म्हातारीला विचारलं, "आजी, लहान पोरी कुठं गेल्या?"

"पोरी आनू कुठून, बाय? हायत कुठं?" म्हातारी म्हणाली. "ही माजी सून, बुधी. ही पयली चाळणीवर गेली. मंग हिनं ज्या ज्या बायांना संगं नेलं त्या समद्यांची पोटं पडली. हिच्यातच हाय काय ते."

बुधी दाराशी बसली होती. काकूंच्या चुलीपाशी खळखळून हसणारी ती हीच, हे पटेना. भट्टीवरचा शेंदूर मोठ्या चाळण्यांतून चाळून पोत्यांत भरायचं काम बायकांकडे होतं, आणि बुधी त्यात पहिली. तिचा नवरा हिरू भट्टीवर. म्हातारीनं सांगितलं, उद्या भगत बसणार हाय. काय निघंल ते निघंल. चेटूक निघालं तर बुधीला वाडीबाहेर काढायची आणि हिरूला दुसरी करायची.

मी घरी येऊन सांगितलं तेव्हा काकू तांदूळ निवडत होत्या. सूप बाजूला ठेवून त्या उठल्या आणि ओटीवर गेल्या. काकांसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "उद्या तुम्हाला माझ्याबरोबर यायचंय. आजवर काही मागितलं नाही."

काका कित्येक वर्षांत अंगणाबाहेर गेले नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांना बैलगाडीत बसवून आम्ही नदी ओलांडली. वाडीच्या मधल्या अंगणात भगत तांदळाचं सूप पुढे घेऊन बसला होता. बुधीचे केस मोकळे सोडून तिला एकटीला बाजूला बसवलेलं. तिच्या जवळ कुणी जात नव्हतं. काकू तिच्या शेजारी जाऊन मातीत बसल्या. मग त्यांनी काकांकडे पाहिलं.

काका गाडीला टेकून उभे होते. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच नीट ऐकला, घोगरा, अडखळणारा.

"मी भट्टीवर होतो," ते म्हणाले. "माझे हात बघा."

हात वर होईनात. काकूंनी उठून त्यांच्या बाह्या वर सारल्या. पंजे खाली लोंबत राहिले.

"मला दोन बायका. थोरली ही. धाकटी गेली. दोघींचं एकही मूल राहिलं नाही. लोक म्हणाले, थोरलीनं खाल्ली." ते थांबले. "मीही म्हणालो. हिच्या तोंडावर म्हणालो. तेव्हा ही बुधी कुठं होती? परकरात असेल. रोज संध्याकाळी शेंदरानं माखलेल्या धोतरानं मी जेवायला बसायचो. हिनं ते झटकायचं, धाकटीनं धुवायचं. चेटूक होतं ते त्या धोतरात होतं. आणि ते घरी आणणारा मी."

काकू काकांकडे बघत राहिल्या. काकांच्या तोंडून हे त्यांनी कधी ऐकलं नसावं. मग बुधीची सासू उठली, मुलाजवळ गेली, त्याच्या डोक्यावरचं मुंडासं ओढून काढलं आणि उन्हात झटकलं. तांबूस धूळ उडाली आणि बराच वेळ हवेत तरंगत राहिली. जवळचे लोक मागे सरले. भगतानं सुपातले तांदूळ मुकाट्यानं फडक्यात बांधले.

"हे माज्या घरात निजतंय," म्हातारी म्हणाली. "आनि मी हिला इचारतेय व्हय!" तिनं बुधीचे केस गोळा केले आणि स्वतःच्या हातानं अंबाडा घातला.

एवढ्यानं भट्टी थांबत नाही. बायकांना शिशाच्या कामावर ठेवायचं नाही असा कायदा झाल्याचं काकूंनी एका वकिलाकडून काढून घेतलं. मॅनेजरला विचारलं तर तो हसून म्हणाला, "आमच्या कारखान्यात बायका नाहीतच." खरंच नव्हत्या. चाळण्यांचा मांडव कुंपणाच्या पलीकडे, मुकादमाच्या नावावर! कारखाने तपासणारा साहेब यायचा त्या दिवशी मांडवाला कुलूप आणि बायकांना सुट्टी.

पुढच्या खेपेला साहेब चौक गावच्या बंगल्यात उतरल्याचं कळलं. काकू वाडीवरच्या बायकांना घेऊन चालत निघाल्या. मी शाळा सोडून बरोबर गेले. शिपायानं हटकलं, पण काकूंना हटकणं सोपं नव्हतं. साहेब व्हरांड्यात आला. काकूंनी भाषण केलं नाही. बायकांना म्हणाल्या, "दाखवा गं हात." सगळ्यांनी हात पुढे केले. नखांच्या कडा, तळव्यांच्या रेषा, सगळं तांबडं. साहेब खाली उतरून एकेकीसमोर थांबत गेला. शेवटी त्यानं एका बाईला विचारलं, "मुलं किती?" तिनं नुसती मान हलवली. त्यानं पुढच्या बाईला विचारलंच नाही.

मांडव बंद झाला. बायकांना कामावरून काढलं. आणि आठवड्याच्या आत त्याच बायका काकूंच्या अंगणात उभ्या राहिल्या.

"तुमी आमचं पोट वाचवलंत नि पोटातला घास काढलात," बुधीच म्हणाली. "आता काय खावं आमी? बाप्यांचं काम चालूच हाय. धूळ घरात येतीच हाय. मंग केलंत काय तुमी?"

तिचं खरं होतं. कायद्यानं बायकांना बाहेर काढलं होतं, शेंदराला नाही. दुसरा कसला बंदोबस्त करायचा तर मालकाला खर्च होता. बायकांना हाकलायला काहीच पडत नव्हतं. आणि हे सगळं त्यांच्याच रक्षणासाठी केलं असं कागदावर लिहिलं गेलं असणार! त्या पावसाळ्यात वाडीनं कंदमुळांवर दिवस काढले. काकूंनी आपल्या घरचं भात वाटलं, पण ते कितीसं पुरणार?

"बरोबर बोलल्या बुधीबाई," बुधी बोलून गेली त्याच रात्री जेवायला बसताना काकू म्हणाल्या. "मी अर्धंच काम केलं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बायकांना घेऊन त्या भट्टीवर गेल्या. मागणं साधं होतं. नदी कुंपणाला लागून वाहते. सुटीच्या वेळी मजुरांना अंघोळ करू द्या, कामाचे कपडे तिथंच ठेवू द्या. मॅनेजर कचेरीत नव्हता. शिपाई म्हणाला, साहेब आंघोळीला गेलेत.

"कुठं?"

शिपायानं कचेरीच्या मागे बोट दाखवलं. तिथं विटांचं न्हाणीघर होतं. बाहेर तांब्याचा बंब पेटलेला, खुंटीवर घडी घातलेलं स्वच्छ धोतर, सदरा, आणि दुसऱ्या खुंटीवर भट्टीवरचे कपडे वेगळे. मॅनेजर अंग पुसत बाहेर आला आणि समोर बायकांचा घोळका बघून गडबडला.

काकू ओरडल्या नाहीत. बंबाकडे बघत म्हणाल्या, "रोज करतोस?"

"म्हणजे काय? आमच्या घरची रीत आहे स्वच्छतेची."

"मुलं बरी आहेत ना तुझी?"

त्याच्या दोन्ही मुली माझ्या शाळेत येत, गुबगुबीत, हसऱ्या.

"तुला माहीत होतं," काकू म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला सोवळ्याची वेडी म्हणतात रे सगळे. तुला काय म्हणायचं?"

मजुरांसाठी असली सोय करायची तर मुंबईच्या मालकांना विचारावं लागेल, असं तो म्हणाला. विचारलं की नाही कोण जाणे. उत्तर नकाराचं आलं.

मग वाडीच्या बायकांनीच ते हाती घेतलं, आणि यात पुढाकार बुधीचा. भट्टी सुटायच्या वेळी त्या नदीच्या उताराला ओळीनं उभ्या राहू लागल्या. एका हातात नवऱ्याची धुतलेली लंगोटी, आणि दुसऱ्या हातात काठी. "हितंच उतरव समदं. डोकं घास. मंगच घरला ये." थंडीच्या दिवसांत पुरुष कुरकुरत, शिव्या घालत, एकदा हिरू तसाच निसटून वर चढला तर त्याच्या आईनं त्याला काठीनं परत पाण्यात लोटला. दोन्ही काठांवर हशा पिकला. कामाचे कपडे काठावरच्या झाडांना टांगलेले राहत, दुसऱ्या दिवशी तिथूनच अंगावर चढत. काकू दगडावर बसून हे बघत असत. एखाद्याचे कान नीट धुतले नसले तर त्याला परत पाठवत.

भट्टी नंतर काही वर्षांनी बंद पडली. तोट्यात गेली म्हणून. लाज वाटून नव्हे. मॅनेजरचा निरोपसमारंभ झाला, त्यात त्यानं गरिबांना रोजगार दिला असं कुणीतरी म्हणालं. मी तिथं बसले होते. उठून बाहेर आले.

पण त्याच्या आधी बुधीला मुलगी झाली होती. सगळ्यांचं तसं झालं नाही. अंगात मुरलेलं शिसं लवकर निघत नाही. त्याच साली वाडीवर आणखी एकीचं गेलं. बुधीची मात्र पूर्ण दिवसांची, काळी, खणखणीत रडणारी. बारशाला बुधीनं काकूंना आणि काकांना बोलावलं. काकू आदल्या दिवसापर्यंत येणार नाही म्हणत होत्या. का, ते सांगत नव्हत्या. शेवटी काकांनीच गाडी जोडायला सांगितलं.

वाडीत बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. बुधी मुलीला घेऊन सरळ काकांसमोर आली आणि म्हणाली, "घ्या, काका. तुमीच पयले."

काकांनी कोपरं पुढे केली आणि परत मागे घेतली. चेहरा एकदम घाबरल्यासारखा झाला. ते काकूंकडे वळले.

"माझे कपडे धुतलेले आहेत ना?"

त्यांना भट्टी सोडून किती काळ लोटला होता.

"धुतलेत," काकू म्हणाल्या. "रोज धुतलेत. घ्या तुम्ही."

त्यांनी मूल कोपरांच्या बेचक्यात घेतलं. लुळे पंजे दोन्ही बाजूंना लोंबत होते आणि मधे ती पोर हात झाडत होती. काकू बघत राहिल्या. मला वाटलं, आता रडतील. पण त्यांचा चेहरा रागानं काळवंडला.

"एवढं सोपं होतं," त्या म्हणाल्या. "अंघोळ! नुसती अंघोळ, आणि बदलायला एक धोतर! एवढ्यासाठी माझी सगळी मारली रे मेल्यांनी. माझी धाकटी मारली!" आणि मग मॅनेजरच्या, मालकाच्या, त्या भट्टीच्या नावानं त्यांनी अशा शिव्या हासडल्या की मी आजही त्या कागदावर उतरवू शकणार नाही.

बारशाच्या घरात असलं बोलतात का कुणी? मग बुधीच्या सासूनं तीच शिवी पुन्हा उच्चारली, सावकाश, एकेक शब्द सुटा. मग तिच्या शेजारच्या बाईनं. मग जिचं त्या साली गेलं होतं तिनं, सगळ्यांत मोठ्यानं. त्यांचं संपेपर्यंत कुणी कुणाला अडवलं नाही. आणि मग, आवाज बसलेल्या त्या बायकांनी पाळणा म्हणायला घेतला.